टर्नटेबलखालचा पिवळा ठिपका

आई, काल टर्नटेबलचा पट्टा बदलायला काढला. रबर सैल पडलं होतं. थाळी फिरायला लागली की गाणारा पहिल्याच ओळीत दमल्यासारखा वाटायचा. सुईवर टोपी चढवली, सुईचा हात दोऱ्याने बांधला, थाळी उचलून बाजूला ठेवली आणि सगळं यंत्र उशीवर उलटं केलं, तू सांगायचीस तसं, तान्ह्या बाळाला पालथं घालतात तसं. हाताच्या बुडाशी जो स्क्रू आहे त्याच्या डोक्यावर तो ठिपका अजून आहे. पिवळा. एका कडेने थोडा सुटलाय, पण आहे. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत जितक्या वेळा हे यंत्र उलटं केलं, तितक्या वेळा तो ठिपका दिसला की घाईने सरळ करून ठेवलं. काल नाही केलं. काल तसंच राहू दिलं आणि ठरवलं, तुला लिहायचं.

लिहायला बसले आणि मग लक्षात आलं की तुला वाचता येत नव्हतं. आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली मी. गावाहून आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायची, दुसरीत असल्यापासून, ओळीखाली बोट फिरवत. तू समोर भाजी निवडत बसायचीस आणि कान माझ्याकडे असला तरी डोळे माझ्या बोटावर असायचे. एकदा मामाच्या पत्रात होतं की आजीला आता उठून बसवत नाही. मी ती ओळ गाळली आणि खालच्या ओळीतल्या आंब्यांवर गेले. तू हातातली शेंग खाली ठेवलीस. "बोट उडालां तुजां," म्हणालीस. "मदी काय असा?" मला वाटलं तुला वाचता येतं आणि तू लपवतेस. पुष्कळ वर्षांनी उमगलं की अक्षरांचा त्यात काही संबंध नव्हता. दुसऱ्याचा हात चालताना कुठे अडला, कुठे घसरला, ते तुला दिसायचं.

कारखान्यात तुला घेतलं तेही त्यासाठीच. बाबांची गिरणी संपात बंद पडली, ते गावी जाऊन राहिले, आणि तू जोगेश्वरीच्या आपल्या खोलीतून चालत अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायला लागलीस. तिथे रेकॉर्ड वाजवायची यंत्रं बनायची. खिडकीजवळच्या बाकावर तुम्ही चौघी, आणि चौघींचं काम एकच: सुई ज्याच्या टोकाला असते तो हात त्याच्या बुडात बसवायचा. बुडात मोहरीएवढे छर्रे. स्क्रू जास्त आवळला तर हात रेकॉर्डवर अडखळतो, कमी आवळला तर थरथरतो. साहेबांकडे मोजायची यंत्रं होती, पण तुम्ही पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी कापून ठेवायचात. हात तराजूसारखा तोलून आडवा तरंगता करायचा आणि टोकावर ती पट्टी सोडायची. झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा तो सावकाश खाली आला तर काम बरोबर. मग स्क्रूवर रंगाचा एक ठिपका द्यायचा. म्हणजे स्क्रू हलत नाही, आणि काम कुणाचं तेही कळतं. तुझा रंग पिवळा. तुझ्या शेजारी बसायची ती मरोळची मावशी, तिचा हिरवा. उरलेल्या दोघींचे लाल आणि निळा.

त्या कामासाठी तू तुझी बोटं जशी जपायचीस तशी मी नंतर फक्त तबलजींना जपताना पाहिली. कामाच्या दिवसांत डोक्याला तेल नाही, कारण केसांवरून हात फिरला की तेल छर्‍यांत जाणार. नखं दर दोन दिवसांनी दगडावर घासायची. मासळी साफ करायची नाही, खवल्यांनी बोटांची टोकं खरखरीत होतात म्हणून. वर्सोव्याची कोळीण दाराशी आली की टोपली माझ्यापुढे सरकायची. मी मांडीवर इतिहासाचं पुस्तक उघडून बांगडे साफ करायची आणि तू लांबून ओरडायचीस, "अगो, पुस्तकाक खवले लागतले!" तेव्हा राग यायचा. मैत्रिणींच्या आया त्यांना अभ्यासाच्या वेळी पाणीसुद्धा भरू द्यायच्या नाहीत. आज वाटतं, त्या सगळ्या परिसरात आपल्या बोटांना काही किंमत आहे असं मानणारी बाई मी तुझ्याशिवाय दुसरी पाहिली नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या हातात नव्हती. तुम्ही चौघी कायम नव्हतात. तीन महिने काम, मग आठ दिवस घरी, मग पुन्हा नव्याने नाव लिहायचं, म्हणजे कुणाची सलग नोकरी व्हायला नको. त्या आठ दिवसांत तू घरातली सगळी भांडी घासायचीस, अगदी वर फळीवरची वापरात नसलेलीसुद्धा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचीस, "रजा असा." कायम व्हायचं, एवढी एकच इच्छा तू कधी बोलून दाखवलीस. तीही मला नाही. गणपतीपुढे, मी झोपले असं समजून.

मी बी.ए. झाले, अंधेरीतल्या एका विम्याच्या ऑफिसात लागले. तिथल्या एक मोठ्या बाई महिन्यातल्या एका रविवारी मुलुंडला आपल्या घरी आठदहा जणांना रेकॉर्ड ऐकायला बोलवायच्या. मलाही बोलावलं. मी जायची, सतरंजीच्या कडेला बसायची, आणि घरी येऊन त्या लोकांचे शब्द वहीत उतरवून ठेवायची: आवाज मोकळा आहे, खालचा स्वर दबलाय, सुई जड आहे. पुढच्या वेळी त्यातलाच एखादा शब्द भीत भीत वापरायची. बहुतेक वेळा माना डोलायच्या. मग ठरलं की दर खेपेला एकाने आपल्या घरी बोलवायचं, आणि माझी पाळी आली तर काय, या विचाराने माझी झोप उडाली. खोली लहान याची लाज नव्हती. घरी रेकॉर्ड वाजवायला काही नाही, आणि आई तर तीच यंत्रं बनवते, हे सांगायची पाळी येईल याची होती. म्हणून पगारातून थोडं थोडं बाजूला काढायला लागले. ऑफिसाजवळच्या वाचनालयात परदेशी मासिकं यायची, त्यांतले आकडे दुसऱ्या वहीत उतरवले. घरघर किती, स्वर डोलतो किती, सुईचं वजन किती. उभ्या रेघा, आडव्या रेघा, दोन रंगांची शाई.

ती वही तुला वाचून दाखवली त्या दिवशी तू कोकम धूत होतीस. सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "पैसे कितके?" मी सांगितले. "मग येवढां कित्याक वाचतंस? आदी हात घे. बाकीचां मागसून." मला ते अडाण्याचं बोलणं वाटलं. माझ्या मनात तो परदेशी बनावटीचा, बोरिवलीच्या कुणाकडे विकायला असलेला, काळ्या काचेचा टर्नटेबल होता. तो घेतला असता तर स्पीकरला पैसेच उरले नसते. नाहीतर मग दुकानात मिळणारं सगळं एकात असलेलं पेटीसारखं यंत्र. तुझ्या कारखान्याचा साधा राखाडी टर्नटेबल माझ्या वहीत तिसऱ्या पानावर होता. तो मी फक्त आकडे पुरे व्हावेत म्हणून लिहिला होता.

घाटकोपरच्या त्या दुकानात आपण दोघी गेलो तो रविवार मला अजून आत्ता घडत असल्यासारखा दिसतो. तू आठ दिवसांच्या त्या रजेवर आहेस. निळी सुती साडी, पायात माझ्या जुन्या चपला, हातात रुमालाची पुरचुंडी. दुकानदार गुजराती, गोल चेहऱ्याचा, पंखा स्वतःकडे वळवून बसलेला.

"या, बेन. सिस्टीम पाहिजे? ही बघा, रेडिओ, टेप, रेकॉर्ड, सगळं एकात. लाइट पण नाचते."

तू पुढे वाकून बघितलंस. "लायटी कित्याक? काळोखात रेकॉर्ड गावत नाय म्हणान?"

"मावशी, फॅशन आहे. सगळे हेच नेतात आजकाल."

तू त्या यंत्राचा हात एका बोटाने उचललास आणि सोडलास. तो मधेच थबकला, मग धपकन खाली आला. "ह्येका संधिवात झालो हा," तू मला म्हणालीस.

"मावशी, हात नका लावू ना. नवा पीस आहे."

"नवो असा म्हणानच लावतंय. जुनो झाल्यार काय बघूचा?"

मी वही उघडली आणि आकडे विचारायला लागले. दुकानदाराला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो एकदा माझ्याकडे, एकदा छापील कागदाकडे बघत राहिला. तू माझ्या कोपराला हलकंच ढोसलंस. "हळू वाच गो. शेट घाबारतलो." मग तू स्वतःच फळीवरचे ते दोन साधे राखाडी टर्नटेबल उतरवून घ्यायला लावलेस आणि एकेक करून उलटे केलेस. दुकानदार उठून उभा राहिला. "अरे अरे, उलटं काय करता?" तू वर न बघता म्हणालीस, "आमच्या हयसर आरे कॉलनीत म्हशी घेतत ते पण आदी खालसून बघतत." तो हसायला लागला आणि त्याने पंखा आपल्या दोघींकडे वळवला.

एकाखाली हिरवा ठिपका होता, दुसऱ्याखाली पिवळा. मला इतका आनंद झाला की मी दुकानात मोठ्याने ओरडले, "आई, हा तुझा आहे!" दोन्ही सरळ केलेस, दोन्ही हात तोलून तरंगते केलेस, आणि रुमालाच्या पुरचुंडीतून पतंगाच्या कागदाची पट्टी काढलीस. रजेवर होतीस, तरी ती तुझ्याजवळ होती. आधी हिरव्याच्या टोकावर सोडलीस, मग पिवळ्याच्या. पुन्हा हिरव्याच्या. दुकानदार, त्याच्याकडे आलेलं एक गिऱ्हाईक आणि मी, तिघं श्वास रोखून त्या कागदाकडे बघत होतो. मग तू पट्टी घडी करून रुमालात ठेवलीस. "हिरवो घे."

"अगं पण हा तुझा आहे."

"म्हणानच सांगतंय. माज्यापरास तिचो हात हलको असा."

दुकानदाराने एकच रेकॉर्ड आधी एकावर, मग दुसऱ्यावर लावून दाखवली. तू डोळे मिटून उभी होतीस. संपल्यावर माझ्याकडे बघितलंस आणि मी म्हटलं, "हो, हिरव्याचा आवाज मोकळा आहे." तू मान हलवलीस. तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे नोकरीला या." तू म्हणालीस, "तुमका परवडूचां नाय." बाहेर पडताना तुझी चाल बदलली होती. आपण बसथांब्यावर उसाचा रस प्यालो आणि तू मला समजावून सांगितलंस की उरलेल्या पैशांत आवाज वाढवायचं यंत्र स्टेशनाजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बनवून घ्यायचं, स्पीकर सध्या एकच, दुसरा पुढल्या वर्षी. हात एकदा वाईट घेतला की तो रेकॉर्ड खरवडतो आणि खरवडलेली रेकॉर्ड परत भरून येत नाही. स्पीकर काय, कधीही बदलता येतो. पुढे एका परदेशी मासिकात नेमका हाच सल्ला चार पानं भरून वाचला. तुला तो रस पिता पिता, दोन वाक्यांत देता आला होता.

आता ती गोष्ट. पुढच्या शनिवारी टर्नटेबल आणायला मी एकटीच गेले. तुझं काम पुन्हा सुरू झालं होतं. दुकानदाराने हिरवा बांधायला घेतला आणि मी म्हटलं, "तो नको. पिवळा द्या." तो थांबला. "पण मावशीनं तर चेक करून..." मी म्हटलं, "मावशीला सांगू नका." त्याने खांदे उडवले. "आपल्याला काय, बेन. दोन्ही सेम आहेत, कंपनी एकच." बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला फार शहाणं, फार चांगलं वाटत होतं. पाच वर्षं तू बसवलेले हात लोकांच्या घरी गेले. दादरला गेले, पुण्याला गेले, कुठे कुठे गेले. आपल्या खोलीत तुझ्या हातचं भाकरीशिवाय काही नव्हतं. एक तरी आपल्याकडे असावा, एवढंच मला वाटलं. तुला योग्य वेळ बघून सांगेन, तू रागावशील आणि मग हसशील, असं मी ठरवलं होतं.

ती वेळ पहिल्याच दिवशी गेली. यंत्र जुळवलं, रेकॉर्ड ठेवली, आणि हात उचलून सोडायचा मान तुला दिला. सुई खाली आली ती आलेली कळलीसुद्धा नाही. तू माझा दंड घट्ट धरलास. "बघलंस? बघलंस कसो उतारता तो? मी म्हटलंय नाय?" तुझे डोळे भरून आले होते. मरोळच्या मावशीच्या कौतुकाने भरले होते. त्या क्षणी सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, आता सांगितलं तर तुझा हा आनंद खोटा पाडल्यासारखं होईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल का नाही सांगितलं असं तू विचारशील. तिसऱ्या दिवसानंतर ते गाळलेल्या ओळीसारखं झालं. पुढचं वाचत राहायचं. माझी पाळी आली, मुलुंडच्या बाई आणि बाकीचे आपल्या खोलीत दाटीवाटीने बसले, आणि कुणीतरी म्हणालं, एका स्पीकरवर इतकं सुरेख ऐकलं नव्हतं. तू आतून चहा घेऊन आलीस आणि सगळ्यांना सांगितलंस, "आमच्या कारखान्यातली एक बाई असा मरोळची, तिचां काम." माझ्यासाठी त्या दिवशी लाज वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी चहाच्या ट्रेकडे बघत बसले. दर दिवाळीला यंत्राला तेल द्यायची वेळ आली की मी म्हणायची, "तू बस, मी करते," आणि पाठमोरी बसून ते उलटं करायची, तुला ठिपका दिसू नये म्हणून. तू कौतुकाने शेजारणीला सांगायचीस, पोरगी मला काही करू देत नाही.

दीड वर्षाने तू एका संध्याकाळी कामावरून आलीस, पाय धुतलेस आणि ओट्याला टेकून उभी राहिलीस. कारखान्यात तुमच्या बाकावरच्या एकीला कायम करणार होते. जुन्या तुम्ही दोघी, तू आणि मरोळची मावशी. साहेबांनी दोघींना एकत्र बोलावलं. तू मला ते नकलेसकट सांगितलंस, साहेबांचा चष्मा पुसणंसुद्धा. "साहेबान इचारल्यान, तुमच्यात कोणाचो हात बरो? ती म्हणाली, हिचो. मी म्हटलंय, खोटां बोलता ती. तिचो बरो. माज्या घरात तिचो एक असा, दीड वरस रोज वाजता, एकदाव घसारलो नाय. साहेब म्हणालो, बाई, ह्या पक्कां बोललास." तू हसत होतीस. "झाली ती कायम. बरां झालां. दोन पोरां, नवरो नाय. माजी काय, माजी पोरगी कमावती असा."

मी काय केलं असेल? मी कांदा चिरत होते, तो चिरत राहिले. तोंड उघडलं होतं, हे खरं. पण मग मनात एकेक गोष्ट उभी राहायला लागली: आता सांगितलं तर तू उद्या साहेबांकडे जाऊन काय सांगशील? माझाच हात चांगला, माझ्या पोरीने मला फसवलं? तू ते मेलीस तरी सांगितलं नसतंस. आणि मावशीच्या तोंडचा घास? प्रत्येक कारण बरोबर होतं. मला बरोबर कारणं नेहमीच सुचतात. पण गणपतीपुढचं तुझं ते बोलणं मी ऐकलं होतं, आणि ज्या पुराव्यावर तुझी जागा गेली तो पुरावा माझ्यामागे, टेबलावर, भरतकामाच्या रुमालाखाली होता. दोन वर्षांनी रेकॉर्डी कुणी घेईनासं झालं, सगळे कॅसेटीवर गेले, आणि कारखान्याने कायम नसलेल्या बायकांना एका आठवड्यात कमी केलं. तू जोगेश्वरीतच प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना डोळे बसवायच्या कामाला लागलीस. तिथे पतंगाचा कागद लागत नव्हता, तरी नखं घासायचीस. एकदा तू म्हणालीस की बाहुलीचा डोळा मिटताना तो हात उतरतो तसा मिटायला हवा, आणि मालकाला ते कळत नाही. तेही काम तू शेवटचं आजारपण येईपर्यंत केलंस, आणि एका शब्दाने तक्रार केली नाहीस.

तू गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मरोळची मावशी आली. केस पिकले होते. तुझ्या फोटोला हात जोडले, चहा घेतला, आणि म्हणाली, "काय गं, तो माझा हात आहे ना तुझ्याकडे? तुझी आई सगळ्या कारखान्याला सांगायची. एकदा बघू तरी दे." मी रुमाल काढला. तिने एका बोटाने हात उचलला, सोडला. पुन्हा उचलला, सोडला. मग पदराला बोट पुसलं आणि तिसऱ्यांदा उचलून धरून ठेवला.

"हा माझा नाही गं," ती म्हणाली. "हा तिचा आहे."

तिने खाली बघायलाही मागितलं नाही. मग म्हणाली, "मी साहेबांना तेव्हाच सांगितलं होतं. माझा हात भरभर चालायचा. पण हलका तिचा. मी रोज शेजारी बसायचे, मला नाही कळणार?" यंत्राचा हात जागेवर ठेवत तिने विचारलं, "तिला ठाऊक होतं?" मी म्हटलं, "नाही. मी सांगितलं नाही." तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, जरा नवल वाटल्यासारखं. "सांगायला कशाला पाहिजे? मला तीन वेळा उचलून कळलं. ती रोज उचलत होती ना?"

आई, हाच प्रश्न मी सोळा वर्षं पालथा घालून ठेवलाय. मावशीला कळलं ते तुला कळलं नसेल? की आपल्या हाताची ओळख आपल्याला पटत नाही, आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही तसं काही? दर दिवाळीला मी पाठमोरी बसून तेल द्यायची तेव्हा तू माझ्या पाठीकडे बघत होतीस की आणखी कशाकडे? आणि जर तुला कळलं होतं, तर साहेबांपुढे उभं राहून ते वाक्य तू कशी बोललीस, इतकं पक्कं, एकदाही न अडखळता? दोन पोरं, नवरा नाही. हे तू नंतर मला सांगितलंस, पण ते आधीच ठरलेलं होतं का? आधी मी स्वतःला म्हणायची की माझ्यामुळे तुझी जागा गेली. आता कधी कधी वाटतं की तू माझं खोटं उचललंस, तोलून बघितलंस, आणि जिथे ते उपयोगी पडेल तिथे अलगद उतरवलंस. यातलं खरं कुठलं ते मला कळणार नाही. पण दोन्हींत तू माझ्यापेक्षा कितीतरी मोठी ठरतेस, आणि ते लिहून ठेवावंसं वाटलं.

पट्टा नवा घातलाय. दुसरा स्पीकर मी तू असतानाच घेतला होता, तुला आठवत असेल. ठिपक्याची सुटलेली कड मी चिकटवली नाही. तुझ्या रंगावर दुसरा रंग चालणार नाही. हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्न नाहीच, आणि पाठवता आलं असतं तरी तुला आलेली पत्रं वाचून दाखवायची मीच. हेही मलाच वाचावं लागलं असतं, तुझ्यासमोर बसून, ओळीखाली बोट फिरवत. घाटकोपरच्या दुकानापर्यंत मी नीट वाचलं असतं. मग तू हातातली भाजी खाली ठेवून म्हणाली असतीस, बोट उडालां तुजां, मदी काय असा?

मध्ये एवढंच आहे. त्या दिवशी दुकानदाराने दोन्हींवर तीच रेकॉर्ड लावली आणि मी म्हटलं, हिरव्याचा आवाज मोकळा आहे. मला दोन्हींत कसलाही फरक ऐकू आला नव्हता. वहीतला शब्द होता तो. तू डोळे मिटून ऐकत होतीस, आणि मी पूर्ण वेळ तुझ्याकडे बघत होते.